दारातून या, साहेब

आपांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधलेला होता. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, सुती साडीतली एक बाई व्हरांड्याच्या भिंतीला डावा हात लावून एकेक पाऊल टाकत चालली होती आणि तोंडानं मोजत होती. "सतरा, अठरा, एकोणीस." एकोणीसला तिचा हात माझ्या शबनम पिशवीला लागला.

"एकोणीसवर काय ठेवलं बाप्पा कोणं?"

"मी आहे," मी म्हणालो. "समाजकल्याणच्या ऑफिसातून आलो."

"मंग बाजूले व्हा जी. वाटेत नोका उभे राहू."

मी भिंतीला चिकटलो. बाई या घरातलीच कुणी आंधळी रहिवासी असणार, असं वाटून मी जरा मोठ्यानं विचारलं, "आजी, अधीक्षकबाई कुठे भेटतील?"

"पंचवीसवर," ती म्हणाली आणि पुढे मोजत गेली. पंचविसाव्या पावलाला एक दार होतं. दारावर 'अधीक्षक' अशी पाटी होती. तिनं दुपट्टा सोडला, डोळे चोळले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बोला. मीच हावो."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी तिथलं कुणी ओळखणार नाही. शिपायापासून त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना आपाच, म्हणजे ताईच, म्हणत. घरात उर्दू-हिंदी, दारात वऱ्हाडी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं ते निराधार बायकांचं घर होतं. पालिका चालवायची, अनुदान सरकारचं. तालुक्याच्या गावी असंच दुसरं एक घर होतं. दोन्ही घरं एक करून, शहराबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे बांधलेल्या नव्या इमारतीत हलवायची असा आदेश निघाला होता, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी तेव्हा पस्तिशीचा. बडनेऱ्याहून रोज अप-डाऊन करायचो. आमचे सगळे अनुभवी लोक शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजच्या मीटिंगांमध्ये गुंतलेले. त्या वर्षांत आमच्याकडे कुठल्याही अधिकाऱ्याला फोन करा, तो याद्या तपासत असायचा. म्हाताऱ्या बायकांचं घर हलवणं हे उरलेलं काम, आणि मी उरलेला माणूस.

आदेशाची प्रत आपांकडे मी येण्याआधीच गेली होती. दोन दिवसांत ती ऑफिसला परत आली. आमचे हेडक्लार्क ती दोन बोटांत धरून माझ्या टेबलाशी आले. "शासकीय पत्रावर पेन्सिल!" ते म्हणाले. समासात तीन-चार ठिकाणी, टपोऱ्या अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता, 'का?' याचं वऱ्हाडी रूप. 'कार्यक्षमता वाढविण्याच्या दृष्टीने' या ओळीसमोर 'काहून?' 'सात दिवसांच्या आत' यासमोर 'काहून?' 'रहिवाशांचे वर्गीकरण करून' यासमोर तर दोनदा.

म्हणून मी गेलो होतो. त्या दिवशी मी त्यांना सगळी कारणं सांगितली. इमारत तयार आहे, मार्च जवळ आलाय, दोन ठिकाणचा स्वयंपाक एका ठिकाणी होईल, डॉक्टरला दोन फेऱ्या पडणार नाहीत. लहान मूल गोष्ट ऐकतं तशा त्या ऐकत होत्या, मधे मधे मान हलवत. शेवटी म्हणाल्या, "हे सारं तुमचं कारण झालं, भाऊ. बुढ्याईचं कोणतं?"

म्हाताऱ्या बायकांचं कारण आदेशात कुठेच नव्हतं. मी चहा प्यायलो आणि साडेपाचची गाडी पकडली. पण गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात आदेश नव्हता. ही बाई डोळे बांधून व्हरांड्यात का फिरत होती, ते मी विचारायचंच विसरलो होतो.

पुढे आठवड्यातून तीन-चार वेळा तिकडे जावं लागलं, आणि दर वेळी असं काहीतरी विचारायचं राहून जाई. त्यांच्या ऑफिसात खुर्ची होती, पण त्यांना मी त्या खुर्चीवर कधी पाहिलं नाही. त्यांचं ऑफिस रोज वेगळ्या खाटेवर असायचं. सोमवारी एक नंबरची खाट, मंगळवारी दोन नंबरची. ज्या बाईची खाट असेल ती शेजारी बसून शेंगा सोलायची, आणि आपा तिथेच फायली पसरून सह्या करायच्या. दुपारी पंधरा मिनिटं त्या तिथेच आडव्या व्हायच्या. मला वाटलं, वय झालं, थकत असतील.

"थकत नाई," स्वयंपाकीण शोभाबाई मला म्हणाली. "छत पाहतेत."

आपांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खुर्चीवरून बुढ्याईचे डोकेच दिसतेत. खाटेवरून छत दिसते. त्या दिवसभर छतच पाहतेत ना बाप्पा. नऊ नंबरवर पंखा आवाज करते, मले तीन वर्सं मालूमच नोतं. एक दिवस मी पडली, तवा समजलं की ही बाई रात्री झोपत काहून नाई."

त्या पिशवीत सुतळीचा गुंडा ठेवत. कुठेही, काहीही सुतळीनं मोजत आणि गाठ मारत. टेप होता ऑफिसात, मी दाखवलाही. "टेप फूट सांगते," त्या म्हणाल्या. "मले पावलं पायजेत. कागदावर सगळ्याईचे पाय सारखेच असतेत, भाऊ. इथं कोणाचंच पाऊल दुसरीसारखं नाई."

त्या काळात घरात नव्या बायका फार येत होत्या. गावोगावची पोरं सुरतला, पुण्याला कामाला जात होती. लागोपाठ दोन हंगाम वाया गेले की घरं बंद व्हायची आणि आई मागे उरायची. "दिवाळीले नेतो," असं सांगून मुलगा आईला सोडून जायचा. माझ्यासमोर एकदा दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातला एक माणूस आईला घेऊन आला. ऑटोत आई बसलेली, हा कागदांची पिशवी घेऊन आत. रेशन कार्ड, दाखले, सरपंचाचं पत्र, सगळं जमवून आणलेलं. आपांनी पिशवीला हातही लावला नाही.

"माय कोणत्या कुशीवर झोपते?"

तो पिशवीतले कागद चाळायला लागला.

"रात्री उठते का? उठली तं कोणत्या हाताले वळते? भाकर कडक लागते का कुस्करून?"

"मले नाई मालूम," तो म्हणाला.

"मंग जा, इचारून ये."

तो बाहेर गेला. ऑटोच्या पायरीवर बसून त्यानं आईला काय काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. अर्धा तास तो तिथे होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "डाव्या कुशीवर," तो म्हणाला. "बापू गेले तवापासून डाव्या." मग आपांनी पेन काढलं.

मला हे सगळं बघायला आवडत होतं, पण माझं काम अडून बसलं होतं. मुदतीचे सात दिवस केव्हाच उलटले होते. मी माझ्या परीनं झटून नव्या इमारतीची यादी केली. चार दालनं होती: अंध, मूकबधिर, आजारी आणि इतर. दोन्ही घरांतल्या प्रत्येक बाईला तिच्या दालनात बसवलं, संगणकावर छान टाईप करून घेतलं. एवढी नीट यादी आमच्या ऑफिसात क्वचितच झाली असेल. तिची एक प्रत आणि इमारतीचा नकाशा मी आपांना नेऊन दिला.

नकाशा त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला. "मले नकाशा वाचता येत नाई," त्या म्हणाल्या. "चालता येते. आणा इकडे."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मागच्या अंगणात विटाच विटा. शोभाबाईच्या भावाची वीटभट्टी होती, तिथून ट्रॅक्टरभर उसन्या आणल्या होत्या. शिपाई, स्वयंपाकीण, दोघी सेविका आणि मदतीला आलेल्या म्हाताऱ्या, सगळे कामाला लागलेले. विटांच्या ओळी म्हणजे भिंती. सुतळी ताणली होती ती व्हरांड्याची कड. दोन विटा उभ्या ठेवल्या की दार. नवी इमारत तिथे खऱ्या मापात मावत नव्हती, म्हणून आज एक बाजू, उद्या दुसरी बाजू असं चाललं होतं. आणि त्या बिनभिंतीच्या घरात आंधळ्या बायका काठी टेकत, मोजत फिरत होत्या. "खाटेपासून दार नऊ. दारापासून डाव्या हाताले बाथरूम..." बाथरूम संपता संपत नव्हतं. एकीनं एकेचाळीस पावलं मोजली आणि मटकन खाली बसली. "इतकं दूर? तवरोक तं काम होऊन जाईन ना, आपा!"

सगळ्या हसल्या. आपा हसल्या नाहीत. त्यांनी सुतळीला गाठ मारली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जो नकाशा मी महिनाभर बॅगेत घेऊन फिरत होतो, तो मी एकदाही चाललो नव्हतो.

त्याच अंगणात माझी यादीही उघडी पडली. वच्छलाबाई आणि रहिमतबी या दोघी तिथे खाटेला खाट लावून राहत होत्या. वच्छलाबाई जन्मापासून आंधळी. रहिमतबीला तरुणपणीच्या तापात ऐकू येणं गेलेलं. तिला फक्त एका माणसाचे ओठ वाचता यायचे, वच्छलाबाईचे. दोघी दिवसभर भांडत. रहिमतबी दिसेल ते मोठमोठ्यानं सांगायची, वच्छलाबाई ऐकू येईल ते ओठांनी सांगायची. चौकातून बँड चालला तर एकीला वाजंत्री ऐकू यायची, दुसरीला नवरदेव दिसायचा, आणि वरात दोघी मिळून बघायच्या. माझ्या यादीत वच्छलाबाई 'अंध' दालनात होती आणि रहिमतबी 'मूकबधिर' दालनात. मधे अख्खी इमारत.

आपांनी त्या दोघींना विटांच्या घरात आपापल्या जागी बसवलं. अंगणाच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. बस, एवढंच. पाचेक मिनिटांनी वच्छलाबाई उठली आणि हात पुढे करून उगीचच मान फिरवायला लागली. तिकडे रहिमतबी उभी राहून ओरडत होती, "अवं इकडे! इकडे हावो मी!" वच्छलाबाई आवाजाच्या रोखानं चालत सुटली, विटांना अडखळली आणि पडता पडता वाचली.

मी यादी घडी करून खिशात घातली.

अमरावतीहून विभागाचे मोठे साहेब तपासणीला आले ते नेमके त्याच आठवड्यात. काम का अडलंय हे त्यांना पाहायचं होतं. जीप थांबली, साहेब घरात शिरले, मागच्या दारानं अंगणात आले आणि सरळ आपांच्या दिशेनं निघाले. आपा अंगणाच्या मध्यावर, म्हणजे नव्या इमारतीच्या कार्यालयात, उभ्या होत्या.

"साहेब," आपा म्हणाल्या, "तुमी भिंतीतून आले."

साहेब थांबले. खाली पाहिलं. त्यांचा एक पाय विटांच्या ओळीच्या अलीकडे होता, एक पलीकडे.

"दारातून या, साहेब. दार तिकडून हाये."

म्हाताऱ्या बघत होत्या. साहेब वाईट माणूस नव्हते, पण दमलेले होते, सकाळपासून तीन मीटिंगा करून आले होते. कदाचित दमल्यामुळेच ते मागे फिरले आणि दोन उभ्या विटांमधून आत आले. आपांनी त्यांच्यासमोर दुपट्टा धरला. "आता खाटेपासून बाथरूमपर्यंत चालून दाखवा. डोये बांधून."

ते चालले, हे मी आजही शपथेवर सांगतो. एका अधिकाऱ्याला असं करायला लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सव्विसाव्या पावलाला त्यांची नडगी विटांवर आपटली. त्यांनी दुपट्टा काढून फेकला, "हा काय पोरखेळ लावलाय?" असं म्हणाले आणि लंगडत जीपकडे गेले. जाताना मला म्हणाले, "एक आठवडा. त्यात झालं नाही तर तुमच्यावर टिपणी जाईल."

त्या दुपारी मी आपांवर पहिल्यांदा चिडलो. म्हाताऱ्या आत झोपायला गेल्या होत्या. आपा अंगणात उकिडव्या बसून विस्कटलेल्या विटा सरळ करत होत्या. "माझी नोकरी आहे, आपा," मी म्हणालो. "लोक घर बदलतात. ट्रकमध्ये सामान टाकतात, जातात, दोन दिवसांत सवय होते. एवढं काय आहे त्यात?"

त्यांनी हातातली वीट ठेवली.

"मी बी असंच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "नवीन नवीन लागली होती नोकरीले. दुसऱ्या जिल्ह्यात. असंच एक घर दुसऱ्या घरात टाकाचं होतं. एका दिवसात टाकलं. साहेब खूश झाले. तिथं एक आजी होती, दिसत नोतं तिले. जुन्या घरी खाटेपासून अकरा पावलांवर नळ होता. नव्या घरी पहाटे उठली अन् सवयीनं अकरा पावलं चालली. तिथं नळ नोता. तिथं ओटा संपत होता."

मी पायाजवळ आडवी पडलेली एक वीट उचलली.

"आठ दिवस होती दवाखान्यात. मी रोज जायची. तिनं मले काहीच म्हटलं नाई. पण भाऊ, ती पडली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी रिपोर्ट लिवून देल्ला होता. 'स्थलांतर सुरळीत पार पडले.' माह्या अक्षरात. खाली माही सही."

त्या परत विटा लावायला लागल्या. मीही खाली बसून लावू लागलो.

त्यानंतर मला एक युक्ती सुचली. नव्या इमारतीत आजारी बायकांचं दालन बाथरूमच्या जवळ होतं. वच्छलाबाई आणि रहिमतबी दोघींनाही 'आजारी' दाखवलं तर त्या तिथे एकत्र राहतील, बाथरूमचाही प्रश्न सुटेल. मी मोठ्या उत्साहानं आपांना सांगितलं. मला वाटलं, त्या पाठ थोपटतील.

"आजारी हायेत का त्या?"

"नाहीत. पण कागदावर..."

"कागदावर खोटं नाई लिवाचं," त्या इतक्या तुटकपणे म्हणाल्या की मी दचकलो. "मी एकदा लिवलं. तुमी नोका लिवू. खरं हाये तेच लिवा. दोघी एकत्र राह्यतेत, काहून राह्यतेत, सारं लिवा. आपल्या घरी सांगतो तसं."

मग मी टिपणी लिहिली. दोन पानं. नोकरीत तोपर्यंत मी 'सदर' आणि 'उपरोक्त' वगळून दोन पानं कधी लिहिली नव्हती. एकेचाळीस पावलांचं लिहिलं, व्हरांड्याला कठडा नसल्याचं लिहिलं, वरातीचंही लिहिलं. टपाल अमरावतीला गेलं. सहाव्या दिवशी परत आलं. शेवटच्या पानावर साहेबांच्या हिरव्या शाईत दोनच शब्द होते: 'चर्चा करावी.'

सरकारी भाषेत याचा अर्थ फाईल झोपली. मी खिन्न होऊन ते आपांना दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाल्या, "ठीक हाये की. कोणत्या दिवशी जायचं?"

"कुठे?"

"चर्चा कराले."

बुधवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही चौघं निघालो. आपा, मी, वच्छलाबाई आणि रहिमतबी. रहिमतबी खिडकीशी बसून मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत प्रत्येक शेत मोठ्यानं सांगत होती. "कपाशीची पऱ्हाटी वाळली. इथं तूर हाये. इथं काहीच नाई. इथंबी काहीच नाई." डब्यातली माणसं आधी हसली, मग गप्प होऊन ऐकायला लागली. बडनेऱ्याहून ऑटो केला.

साहेबांनी आम्हाला तासभर बसवलं आणि मग आत बोलावलं. दोघी म्हाताऱ्या टेबलासमोरच्या खुर्च्यांवर बसल्या. कुणी काही बोलायच्या आत रहिमतबीनं आपल्या ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली. "मोठी खोली हाये. खुर्चीवर पांढरा टावेल. टेबलाले काच. साहेब जाडा हाये, पण चेहरा थकेल हाये."

मी डोळे मिटून घेतले. वच्छलाबाईनं तोंड तिच्याकडे वळवलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज आम्हाला आला नाही, पण रहिमतबीनं तो आम्हा सगळ्यांना ऐकवला. "हळू बोलू? काहून? साहेब ऐकून राहिला? पेनाचं टोपण उघडते अन् लावते म्हणे. हो व, उघडून लावूनच राहिला!"

साहेबांच्या हातातलं टोपण थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग वच्छलाबाईला म्हणाले, "आजी, तुमच्यासाठी वेगळं दालन केलंय. तिथे शिकवायला माणूस येणार आहे. तिथे का राहायचं नाही?"

"ते आंधयाईसाठी हाये ना जी?"

"हो."

"मले दिसते."

"दिसतं?"

"इच्या डोयानं दिसते. अन् इले माह्या कानानं ऐकू येते. आता तुमीच सांगा, दोघीतली आंधयी कोणती अन् बह्यरी कोणती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर यादीत असेल. मग त्यांनी फाईल ओढली. बराच वेळ लिहीत होते. वर्गवारी रद्द, खाटा रहिवाशांना विचारून. व्हरांड्याला कठडा. मोठ्या दालनाच्या टोकाला नवं बाथरूम. एक महिन्याची मुदत.

लिहून झाल्यावर त्यांनी टेबलाखाली हात नेऊन नडगी चोळली. "अजून दुखतं," ते आपांना म्हणाले. आणि मग जरा थांबून, खाली बघत, "एक आहे. नव्या घरात अधीक्षकाचं पद एकच आहे. दुसऱ्या घराचे अधीक्षक सेवाज्येष्ठ आहेत. तुम्ही अतिरिक्त ठरता. अकोल्याच्या ऑफिसात टेबल मिळेल. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"मालूम हाये जी. आदेशाच्या तिसऱ्या पानावर हाये."

मला धक्का बसला. तो आदेश मी पन्नासदा वाचला होता. तिसऱ्या पानाचा समास कोरा होता. तिथे त्यांनी पेन्सिल टेकवलीच नव्हती. येताना गाडीत मी त्यांना विचारलं, सगळ्याला 'काहून' विचारलंत, तिथेच का नाही? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "थे माह्याबद्दल होतं." एवढंच. याचा अर्थ काय, ते मी अजूनही अधूनमधून मनात उलटसुलट करून पाहतो.

महिनाभर अंगणात तालीम चालली. दुसऱ्या घराचे अधीक्षक एकदा गंमत बघायला आले, सुरुवातीला तोंडावर रुमाल धरून हसले, आणि जाताना आपांकडून सुतळीचा गुंडा मागून घेऊन गेले. त्यांच्याकडच्या बायकाही त्यांच्या आवारात विटांमधून चालायला लागल्या. घर हलवायच्या दिवशी सगळ्याजणी जणू आपल्याच घरी निघाल्यासारख्या उतरल्या. वच्छलाबाईनं दारातून खाट गाठली, खाटेवरून कठडा गाठला, कठड्यावर थाप मारली आणि म्हणाली, "लोखंडी केला व!" एकच आजी ऑटोतून उतरेना. आपा दोन तास तिच्याशेजारी ऑटोत बसून राहिल्या. उतरवायला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. कुणी पडलं नाही. कुणी हरवलं नाही. आपा मात्र नव्या घराच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. नव्या अधीक्षकांच्या हातात प्रत्येक बाईची चिठ्ठी दिली, कोण कुठल्या कुशीवर झोपते त्याची, आणि रिकाम्या ऑटोत बसून परत गेल्या.

त्यानंतर त्या आमच्याच ऑफिसात, आवक-जावकच्या टेबलावर बसायला लागल्या. तिथे त्यांनी काय काय केलं ते सांगायचं तर वेगळं बसावं लागेल. मला मात्र एक रविवार आठवतो. सुट्टीच्या दिवशी काही कामानं मी अकोल्यात होतो, आणि जिनिंगच्या रस्त्यानं चाललो होतो. दुपारचे साडेतीन. नव्या घराच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पुलियाच्या कठड्यावर, उन्हात आपा बसलेल्या. मांडीवर पेरूंची थैली.

"आत का नाही गेलात?"

"भेटीची वेळ चार ते पाच हाये."

"मी सांगतो चौकीदाराला. तो नवीन आहे, त्याला माहीत नाही तुम्ही कोण ते."

"बसा चूपचाप," त्या म्हणाल्या. "थो नियम मीच लिवून देल्ला नव्या साहेबाले. दुपारी बुढ्याईची झोप मोडते ना बाप्पा लोकं आले का."

मी त्यांच्याशेजारी बसलो. चार वाजले. चौकीदारानं फाटकाच्या फटीतून वही पुढे केली. नाव, गाव, आणि कोणाला भेटायचे. आपांनी आपलं नाव लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहायला लागल्या. वच्छलाबाई. रहिमतबी. मग तिसरी, मग चौथी. रकाना संपला तशा खालच्या ओळीवर गेल्या, मग त्याच्या खालच्या. खाटांच्या क्रमानं, एकही न चुकता. दुसऱ्या घरातून आलेल्या बायकांचीही नावं होती.

"बाई, एकाचंच नाव लिवा ना," चौकीदार म्हणाला. "तुमचाच टाइम चालला."

त्यांनी मान वर केली नाही. पान उलटलं आणि लिहीत राहिल्या. चौकीदार घड्याळाकडे बघत होता, मीही बघत होतो. शेवटचं नाव लिहून झालं तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं, पेरूंची थैली उचलली आणि चौकीदारानं फाटक पुरतं उघडण्याची वाट न बघता, अंग चोरून आत शिरल्या.